मृगाची मरळ : जूनमधल्या चार दिवसांचा धंदा

मे महिना लागला की आपल्या सगळ्यांच्या घरात एकच बोलणं असतं. तळ्यात पाणी राहिलं नाही, रोहू-कटला निघून गेला, जाळी वाळत पडलीत, होडी काठावर पालथी पडलीय. पुढं पावसाळा. मासा अंड्यावर असतो तेव्हा जाळं टाकायचं नाही, टाकलं तरी गढूळ पुरात हाताला काही लागत नाही. आणि नेमकं तेव्हाच शाळा उघडते. वह्या, पुस्तकं, कपडे, बसचा पास. मग कोणीतरी व्यापाऱ्याकडं जातो, पाच-दहा हजार उचल घेतो, आणि दिवाळीनंतर धरलेला सगळा मासा त्याच व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावानं घालतो. त्या उचलीचं व्याज कागदावर कुठंच दिसत नाही, ते दर किलोमागं कापलं जातं.

ही उचल थोडी तरी कमी व्हावी म्हणून आम्ही सोसायटीतले काही जण गेली चार वर्षं एक छोटा धंदा करून बघतोय. मृगाला जिवंत मरळ विकायचा. पहिल्या वर्षी मार खाल्ला, दुसऱ्या वर्षी बरोबरीत सुटलो, तिसऱ्या वर्षापासून दोन पैसे दिसायला लागले. जे शिकलो ते इथं सगळं सांगतोय, चुकांसकट.

मृगालाच का?

७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो. आपल्याकडं शेतकरी पेरणीसाठी त्या दिवसाकडं बघतो. शेजारच्या तेलंगणात त्याला मृगशिरा कार्ते म्हणतात आणि त्या दिवशी घरोघरी मासा खायची रीत आहे. ऊन संपून गारवा सुरू होतो, अशा वेळी अंगात उष्णता राहावी म्हणून मासा खायचा, असं जुनी माणसं सांगतात. जे मासा खात नाहीत ते हिंग आणि गूळ खातात. बीदर आणि कलबुर्गी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळं ही रीत आपल्या बाजूलाही बऱ्याच घरांत आहे. तुमच्या आजीला विचारा, ती सांगेल.

त्या दिवशी सगळ्यात जास्त मागणी असते मरळीला. तेलुगू माणूस तिला कोर्रमीनू म्हणतो, तेलंगणाचा तो राज्य मासा आहे. काटे कमी, मांस घट्ट, आणि गिऱ्हाइकाला ती डोळ्यांदेखत जिवंत लागते. मेलेल्या मरळीला जिवंतीचा भाव कोणी देत नाही. हैदराबादच्या रामनगर आणि बेगम बाजारात मृगाच्या आदल्या रात्रीपासून रांगा लागतात.

आता नकाशा बघा. पुणे-हैदराबाद हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५, आपल्या बसवकल्याण-हुमनाबादवरून पुढं जहीराबादला जातो. बीदरहून जहीराबाद तासाभराच्या आत. चिंचोळी तालुक्याची तर हद्दच तेलंगणाला लागून आहे. बाहेरचे व्यापारी लांबून ट्रक भरून मरळ आणतात, आणि आपण दारातला बाजार सोडून मे महिन्यात तीच मरळ गावात मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. खंत एवढीच आहे.

धंदा नेमका काय?

एप्रिल-मेमध्ये तळी आटतात, पाणी खड्ड्यांत आणि डोहांत उरतं. मरळ चिखलाची, पाणवनस्पतीची राहणारी. पाणी कमी झालं की ती सहज सापडते, आणि सगळ्यांनाच सापडते, म्हणून भाव पडलेला असतो. ती तेव्हा विकायची नाही. तीन ते चार आठवडे जिवंत सांभाळायची आणि मृगाला विकायची. बस, एवढाच धंदा. मासा तोच, तळं तेच, फरक फक्त दिवसांचा.

हे मरळीतच जमतं. रोहू-कटला पाण्याबाहेर काढला की काही मिनिटांत जातो. मरळीला डोक्यात, कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची जागा असते. ती पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेते, म्हणून थोड्या पाण्यात, गढूळ पाण्यात, ओल्या गोणपाटातसुद्धा तासन्‌तास जगते.

पण हीच गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षी उलटी समजली. आम्हाला वाटलं, जास्त पाणी म्हणजे मासा जास्त सुखात. दोनशे लिटरचे ड्रम काठोकाठ भरले, रस्त्यात सांडू नये म्हणून झाकणं गच्च लावली, आणि सकाळी दहाला, उन्हात, गाडी काढली. जहीराबादला झाकण उघडलं तर निम्म्याहून जास्त मरळ उलटी तरंगत होती. वर तोंड काढायला जागाच नव्हती. मासा पाण्यात बुडून मेला, असं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मागं बसलेल्या एका मामांनी एवढंच म्हटलं, "आरं, त्याला नाक हाय ना बाबा." ते वाक्य आजही आमच्यात कोणी विसरलेलं नाही.

हापा कसा बांधायचा?

मासा सांभाळायला हापा लागतो. हापा म्हणजे जाळीच्या कापडाची चौकोनी पेटी, चार बांबूंना बांधून पाण्यात उभी केलेली. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच हापा सुरुवातीला पुरतो. त्यात ४०-५० किलोच्या वर मासा घालू नका. पहिल्या वर्षी तर ३० किलोच घाला.

जागा निवडताना मे महिन्याचं पाणी डोक्यात ठेवा. आज जिथं कमरेएवढं पाणी आहे तिथं वीस दिवसांनी गुडघाभर असतं आणि हापा चिखलात बसतो. म्हणून खोल जागी बांधा आणि बांबू असे रोवा की हापा सरकवता येईल. आत मीटरभर पाणी राहिलंच पाहिजे.

वरून झाकण जाळं हवंच. मरळ उडी मारते, रात्री तर जास्तच. आमच्या एका गड्यानं एक रात्र झाकण बांधायचा कंटाळा केला, सकाळी हाप्यात मोजून सात मरळी कमी. झाकण जाळं पाण्याला टेकवू नका, मध्ये वीतभर मोकळी हवा ठेवा, नाहीतर पुन्हा तीच ड्रमची गोष्ट. अर्ध्या हाप्यावर गोणपाटाची सावली करा. आत थोडी जलपर्णी सोडली तर मासा शांत राहतो.

खेकडे जाळी कातरतात. रोज सकाळी हात फिरवून तळाचे कोपरे तपासा. बोटाएवढं भोक पडलं तरी मोठं व्हायला वेळ लागत नाही.

मोठी आणि लहान मरळ एका हाप्यात ठेवू नका. मरळ शिकारी मासा आहे, लहान भावाला खायला मागंपुढं बघत नाही. दोन हापे नसतील तर मध्ये जाळीचा पडदा टाका. गळाला लागलेली मरळ तर हाप्यात घालूच नका. तिचं तोंड फाटलेलं असतं, ती खात नाही, जखम चिघळते आणि बाकीच्यांना त्रास होतो. ती त्याच दिवशी विकून टाका. सापळ्यात किंवा फेकजाळ्यात आलेली, अंगावर खरचटलेलं नसलेली मरळच सांभाळायला घ्यायची. घालण्याआधी मिठाच्या पाण्यात, लिटरला साधारण २० ग्रॅम मीठ, दोन-तीन मिनिटं बुडवून काढा. अंगावर लाल चट्टा किंवा फोड दिसला तर ती बाजूला काढा.

खायला जाळ्यात येणारे बारके मासे, चिंगळ्या. ५० किलो मरळीला दिवसाला किलो-सव्वा किलो पुरतं. संध्याकाळी द्या, सकाळी उरलेलं काढून टाका. नेण्याच्या आदल्या दिवशी काही खायला घालू नका. भरल्या पोटाचा मासा प्रवासात घाण करतो आणि पाणी नासतं.

गाडी आणि ड्रम

मासा रात्री न्यायचा. पहाटे तीन-चारला निघालं की उजाडायला बाजारात. ड्रम आडवे कापलेले किंवा प्लास्टिकचे मोठे टब घ्या. पाठ बुडेल एवढंच पाणी, वर हवा मोकळी. झाकणाऐवजी जाळं बांधा. वरून ओलं गोणपाट. रस्त्यात एकदा थांबून गोणपाटावर पाणी मारा. पाणी त्याच तळ्यातलं न्या, नळाचं क्लोरीन घातलेलं पाणी नको.

एकट्यासाठी गाडी परवडत नाही. पाच-सहा घरांनी मिळून एक गाडी करा. प्रत्येकाचा टब वेगळा, टबाला रंगीत दोरी बांधा, निघताना वजन करून वहीत लिहा. पैशावरून भांडणं वजनामुळं होतात, माणसामुळं नाही.

हिशेब मांडून बघू

हे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत. तुमच्या गावचा भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा.

समजा ५० किलो मरळ २५० रुपयांनी. स्वतः धरलेली असली तरी हा खर्चच धरा, कारण ती आज विकली असती तर एवढे पैसे आलेच असते. झाले १२,५००. हापा, बांबू, दोरी २,५००. पंचवीस दिवसांचं खाणं १,२००. गाडीतला आपला वाटा १,८००. किरकोळ ५००. एकूण १८,५००.

५० किलोतली सगळी मरळ बाजारात पोचत नाही. काही मरते, काही वजनाला उतरते. ४४ किलो विकायला मिळाली असं धरा. मृगाला ५०० चा भाव मिळाला तर २२,०००. हातात ३,५००.

४२० च्या खाली भाव गेला तर पहिल्या वर्षी तोटा. हे आधीच माहिती असू द्या. दुसऱ्या वर्षी हापा तोच वापरता येतो, मग खर्च १६,००० वर येतो आणि त्याच भावाला ६,००० उरतात. रात्रीची राखण यात धरलेली नाही, ती आपली आपण करतो म्हणून धंदा जमतो.

साडेतीन हजार म्हणजे काय लाखाची गोष्ट नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दोन लेकरांच्या शाळेचा पहिला खर्च निघतो, आणि त्या महिन्यात व्यापाऱ्याच्या दारात जावं लागत नाही. आमच्या दृष्टीनं कमाई तीच आहे.

अक्का-मावशांचा वाटा

या धंद्यात खरा पैसा वाढवला तो आमच्या बायकांनी. शहरातल्या गिऱ्हाइकाला जिवंत मरळ तर हवी असते, पण ती बुळबुळीत, खवल्यांची, घरी साफ कोण करणार? आमच्या अक्कांनी टबाशेजारीच विळी मांडली. राख आणि मीठ लावून बुळबुळ काढायची, खवलं काढायचं, तुकडे करून द्यायचे. किलोमागं ३० रुपये वेगळे. वरच्या हिशेबातल्या ४४ किलोला हेच १,३२० होतात. भांडवल म्हणजे विळी, पाट, दोन बादल्या आणि राख.

त्यांनी दुसरीही गोष्ट शिकवली. हैदराबादच्या मोठ्या बाजारात आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथं दलाल भाव पाडतो. बीदर, भालकी, हुमनाबाद, जहीराबादला भाव थोडा कमी, पण गिऱ्हाईक थेट आपलं. पुढच्या वर्षी तेच नाव घेऊन येतं. पहिली दोन वर्षं जवळच विका. ज्या घरांत मृगाला मासा होतो त्यांची नावं मे महिन्यातच लिहून घ्या, थोडी अनामत घ्या. विकायच्या आधीच निम्मा माल ठरलेला असला की रात्री झोप लागते.

काटा मात्र तपासलेला, शिक्का असलेलाच वापरा. पहिल्याच वर्षी मापात पाप झालं तर दुसरं वर्ष येत नाही.

कागदाचं काम

आपल्या सोसायटीच्या ठेक्यातल्या पाण्यातच धरा. कारंजा जलाशय असो, चुळकी नाला असो, अमरजा असो की गावतळं, परवाना आणि ठेका कोणाचा हे माहिती असू द्या. शेततळ्यातली मरळ घ्यायची तर मालकाला विचारून, पैसे देऊन घ्या. बऱ्याच शेतकऱ्यांना ती नकोच असते, कारण ती त्यांच्या तळ्यातली रोहू-कटलाची बोटुकली खाते. ते आनंदानं देतात.

भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं, २०१८-१९ पासून ते आपल्याला लागू झालंय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकल, तीनचाकी, जिवंत मासे विक्री केंद्र अशा गोष्टींना अनुदान ठेवलंय. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्याच योजनेत बंदीच्या काळासाठी बचत आणि मदत असा भागही आहे. त्यात मच्छीमार १,५०० भरतो, सरकार ३,००० घालतं, आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० हातात येतात. त्यासाठी सोसायटीचं सभासदत्व लागतं. अर्ज कधी सुरू असतात ते तालुक्याच्या मत्स्य कार्यालयात जाऊन विचारा. बरोबर आधार, पासबुक आणि सभासद पावती न्या.

आता शेवटची, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

मृगाचा पैसा दिसायला लागला तसं एक वाईट कामही सुरू झालं. ते स्पष्ट बोललंच पाहिजे.

पहिला मोठा पाऊस झाला की मरळ अंडी घालते. काठाच्या गवतात गोल जागा साफ करते, पिवळसर अंडी तिथं पाण्यावर तरंगतात, आणि आईबाप खाली राखण करतात. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात. मग लालसर पिल्लांचा गोळाच्या गोळा पाण्यावर फिरताना दिसतो. तुम्ही सगळ्यांनी तो बघितलाय. तो गोळा दिसला की खाली मरळ आहेच हे ठरलेलं. ती पिल्लं सोडून पळत नाही. म्हणून तिथं गळ टाकला की हमखास लागते.

ती मरळ धरली की वर तरंगणारी शेकडो पिल्लं उघडी पडतात. दुसरे मासे, बेडूक, बगळे दोन दिवसांत ती संपवतात. एका मरळीसाठी पुढच्या वर्षाचं तळं रिकामं होतं. काही जण तर ती पिल्लंच कापडानं गोळा करतात. हैदराबादला मृगाच्या दिवशी बत्तीनी गौड घराणं दम्यासाठी जिवंत मरळीच्या पिल्लातून औषध देतं, हजारो माणसं येतात, तिथं पिल्लं खपतात म्हणून. त्या औषधाला वैद्यकाचा पुरावा नाही, पण ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. तिथं लागणारी पिल्लं तिकडचं मत्स्य खातं पुरवतं. त्यासाठी आपलं तळं उपसायची गरज नाही.

आमच्या सोसायटीनं बैठकीत तीन गोष्टी ठरवल्यात. एक, मृगासाठीचा मासा पहिल्या मोठ्या पावसाच्या आत हाप्यात आलेला असला पाहिजे. पाऊस पडल्यावर नवी मरळ धरायची नाही. दोन, लाल पिल्लांचा गोळा दिसला तिथं गळही नाही आणि जाळंही नाही, आणि दिसलेली जागा सोसायटीत सांगायची, म्हणजे बाकीचेही लांब राहतील. तीन, मृगाला न विकलेली जिवंत मरळ पडेल भावाला द्यायची नाही, ती तळ्यात परत सोडायची. गेल्या वर्षी नऊ मरळी परत सोडल्या. त्या दिवशी चार जण नाराज झाले, खोटं कशाला सांगायचं. साडेचार-पाच किलो मासा पाण्यात सोडताना आमचाही हात जड झाला होता.

पण ऑगस्टमध्ये त्याच काठाला तीन ठिकाणी लाल गोळे दिसले. ज्यांनी कुरकुर केली होती त्यांच्यातलाच एक जण दुसऱ्या गावच्या पोरांना तिथून हाकलत होता.

ज्यांना यंदा करून बघायचंय त्यांनी एप्रिल संपायच्या आत सोसायटीत या. हापा कसा शिवायचा ते दाखवू, जुना हापा आहे तो एकदा वापरायला देऊ. सुरुवात ३० किलोनं करा, पाच घरं मिळून करा. आणि ड्रमचं झाकण लावायच्या आधी एकदा मामांची आठवण काढा. मरळीला नाक हाय.